सोमवारी लाल किल्ला, शुक्रवारी ताज!

आज १७ मार्च. पावणेआठपासून सगळं घराणं मोबाइल धरून बसलेलं आणि आठच्या ठोक्याला १६ मेची, रत्नागिरीहून दिल्लीला जाणारी मंगला एक्स्प्रेस उघडून बघतात तर वेटिंग. "असं कसं, मिनिटभरसुद्धा झालं नाही!" अहो, मिनिट कुठलं, चोवीस तास झाले! बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, पण ते दिवस रत्नागिरीच्या तारखेपासून मोजत नाहीत, गाडी सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. १५ मेला एर्नाकुलमहून निघालेली मंगला आपल्याकडे १६ला येते, म्हणजे तिचं बुकिंग कालच सकाळी आठला उघडलं. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी नव्याने डोळे विस्फारायचे. वर "वेटिंग काढून ठेवू, होईल कन्फर्म." मधल्या स्टेशनांचा पूल्ड कोटा म्हणजे चार गावांत एक विहीर, मे महिन्यात पाझरायची कशी? चार्ट लागला की ऑनलाइन वेटिंग आपोआप रद्द. उभ्यानेही जाता येत नाही.

पण खरं डोकं फिरलं ते भावोजींच्या प्लॅनने. रंगीत तक्ता, तीर्थस्थळासमोर हात जोडलेला इमोजी, हॉटेलसमोर बिछान्याचा. शनिवारी बसायचं, रविवारी दुपारी दिल्लीत निजामुद्दीन स्टेशनला उतरायचं. सोमवारी सकाळी ताजेतवाने होऊन लाल किल्ला, मग राष्ट्रपती भवन, लोटस टेंपल, संध्याकाळी अक्षरधाम. चारच्या चार सोमवारी बंद! कुठून शोधून काढले? चुकून तरी एखादं उघडं निघावं! राष्ट्रीय संग्रहालय राहिलं म्हणून हळहळले, तेही सोमवारी बंदच. आणि शुक्रवारी आग्रा. शुक्रवारी ताज बंद असतो हे शाळेच्या सहलीतली पोरं सांगतील. सोमवारी चालतं ते कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राष्ट्रीय युद्धस्मारक, बंगला साहिब. त्यातलं एकही तक्त्यात नाही. अमृत उद्यान मात्र आहे. मे महिन्यात! ते सर्वांसाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उघडतात, भावोजी.

बरं, रविवारी बसलं असतं तर सोमवारी दुपारी उतरलो असतो, बंद दिवस झोपेत गेला असता आणि मंगळवारपासून सगळी दारं उघडी. आणि १७ मेची मंगला उघडली कधी? आज. सकाळी आठला. आम्ही बसलो होतो तेव्हाच! बरोबर मुहूर्तावर बसून चुकीची तारीख दाबत होतो. हे कळलं कधी, तर सव्वानऊला, आणि ते मला, जी सगळ्यांना अक्कल शिकवत होते. तोवर तिथेही वेटिंग. असो.

तरीही यादीत सुधारणा काय, तर "दुपारी एक ते तीन जामा मशीद." दुपारी एकला! दिल्लीत मेमध्ये पारा ४५ वर जातो. तिथे चपला काढाव्या लागतात आणि लाल दगडी फरशी तव्यासारखी तापते. जाड मोजे घ्या, सकाळी लवकर जा. आपल्याला सवय घामाने निथळायची. तिथला घाम लूने, म्हणजे कोरड्या गरम वाऱ्याने, अंगावरच सुकतो, मग वाटतं पाणी नको, आणि संध्याकाळी भोवळ. कोकमाच्या आगळाची बाटली न्या, एकास पाच पाणी, तहान नसली तरी घोट घ्या. अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, बॅग काही आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आत्या, फोटोंसाठी घेतलेली पैठणी घरीच ठेवा.

आणि मुळात, सगळं जग आंब्याला इकडे येतं तेव्हा आपणच का निघायचं तिकडे भाजायला? विचारलं तर म्हणे, "दुसरी सुट्टी कुठेय?"

तेही खरंच. म्हणून तत्काळ. रत्नागिरी १७ मे, एर्नाकुलम १६ मे, त्याच्या आदल्या दिवशी खिडकी. एसी दहाला, स्लीपर अकराला. आधार पडताळणी आजच करून ठेवा, ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो फोन जवळ हवा. समजलं?

"समजलं. म्हणजे १६ला सकाळी बसायचं ना?"

पंधराला! १५ मेला!