मूळ इंजिन खोक्यात, गाडी विक्रीला

1973 ची पोर्श कॅरेरा आरएसआर, म्हणजे पोर्श 911 चं शर्यतीचं रूप, विक्रीला आली आहे आणि तेव्हापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही. आमच्यापैकी कुणी ती घेणार नाही, पण घेणाऱ्यानं काय बघावं यावर मात्र प्रत्येकाचं ठाम मत आहे. वादाचं मूळ जाहिरातीतल्या एका ओळीत आहे. गाडीत सध्या 3 लिटरचं, अ‍ॅल्युमिनियम क्रँककेसचं, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात बसतो त्या बाहेरच्या कवचाचं, इंजिन आहे. मूळ 2.8 लिटर इंजिनाची मॅग्नेशियम केस खोक्यात घालून गाडीबरोबर मिळेल. त्या केसचे काही आटे गेलेत आणि एका ठिकाणी वेल्डिंग आहे. इंजिन बदललं ते 1975 मध्ये, गाडी शर्यतीत पळत असतानाच.

दादाचा निकाल लगेच लागला. "इंजिन मूळ नाही म्हणजे गाडी अर्धीच. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळायला हवेत. ते जुळत नसतील तर आरएसआर म्हणून विकू नये."

"आरएसआर शर्यतीसाठी बांधली होती, दादा," ताई म्हणाली. "शर्यतीच्या गाडीचं इंजिन बदलतंच. हंगामात दोन-तीनदा खोलायचं, फुटलं तर दुसरं टाकायचं आणि पुढच्या शर्यतीला उभं राहायचं. जिचं इंजिन पन्नास वर्षांत एकदाही बदललं नाही, ती फारशी पळालीच नसेल."

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ही गाडी का बांधली ते कळल्याशिवाय वाद कळत नाही. शर्यतींच्या ग्रुप 4 या वर्गात उतरायचं तर 500 गाड्या बनवून विकण्याची अट होती. म्हणून पोर्शनं कॅरेरा आरएस 2.7 काढली. पत्रा पातळ, मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा पंख, 2687 सीसी, 210 अश्वशक्ती. पाचशे खपतील की नाही अशी धास्ती होती, खपल्या 1580. त्यातल्या पन्नास-पंचावन्नच्या आसपास गाड्या एम491 या कोडखाली थेट शर्यतीच्या रूपात तयार झाल्या. त्याच आरएसआर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 90 वरून 92 मिलीमीटर, क्षमता 2806 सीसी, दर सिलिंडरला दोन प्लग, ताकद सुमारे 300 अश्वशक्ती. ब्रेक पोर्शच्याच 917 या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले, चाकं पुढे 9 आणि मागे 11 इंच रुंद, नाकात तेलाचा मोठा कूलर.

1973 च्या डेटोनाच्या 24 तासांच्या शर्यतीत पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी अशीच एक आरएसआर पहिली आणली, तीही दुसऱ्या क्रमांकावरच्या फेरारीला 22 फेऱ्या मागे टाकून. त्याच वर्षी सेब्रिंगचे 12 तास जिंकले. मग टार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली रस्त्यावरची शर्यत, जागतिक अजिंक्यपदातली शेवटची टार्गा, हर्बर्ट म्युलर आणि गाइस व्हॅन लेनेप यांनी जिंकली. रस्त्यावरच्या गाडीतून निघालेल्या गाडीनं, खास शर्यतीसाठी घडवलेल्या प्रोटोटाइपांच्या मैदानात हे केलं. मला तरी 911 च्या साऱ्या इतिहासात याहून मोठं वर्ष दिसत नाही.

दादाला हे सगळं तोंडपाठ आहे. "म्हणूनच तर म्हणतो. जे जिंकलं ते 2.8 चं इंजिन होतं. तेच काढून टाकलं तर राहिलं काय?"

तात्या तोवर गप्प होते. त्यांचं आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलं, त्यामुळे ते बोलायला लागले की बाकीचे थांबतात. "ती केस का काढली असेल ते मी सांगतो," ते म्हणाले. "मॅग्नेशियम हलकं. अ‍ॅल्युमिनियमच्या केसपेक्षा दहा-एक किलो तरी वाचतात आणि 911 मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं असतं, तिथे दहा किलो म्हणजे चेष्टा नाही. पण मॅग्नेशियम मऊ. सिलिंडर आणि हेड लांब स्टडनी केसला आवळलेले असतात. इंजिन तापलं की सिलिंडर फुगतो, लोखंडी स्टड तेवढा वाढत नाही. मग सगळा ताण कुठे जातो? केसमधल्या आट्यांवर. ते उपटून येतात. हेड सैल पडतं, दाब गळायला लागतो. त्यातून बोअर वाढवलेली, म्हणजे सिलिंडर बसतो त्या भोकाभोवती धातू आणखी कमी. आणि अशी केस खूप तापून-निवून वाकली की मेन बेअरिंगच्या बोअर, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो ती भोकं, एका रेषेत राहत नाहीत."

"दुरुस्त होत नाही का?" धाकट्यानं विचारलं.

"होते. आट्यांच्या जागी पोलादी इन्सर्ट बसवायचे, बेअरिंगच्या बोअर पुन्हा एका रेषेत कापायच्या. चांगला हात असेल तर केस पुन्हा उभी राहते. पण वेल्डिंग कुठे आहे ते आधी दाखवा. बाहेरच्या कडेला असेल तर ठीक. बेअरिंगच्या भिंतीजवळ असेल तर तिच्यावर 8000 आरपीएम मारायला मी तरी सांगणार नाही."

माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. 1974 साठी पोर्शनं स्वतः 3 लिटरची आरएसआर काढली तेव्हा बोअर 95 मिलीमीटर केली आणि केस अ‍ॅल्युमिनियमची घेतली. जो दोष तात्यांनी सांगितला, त्याचं उत्तर कारखान्यानंच दिलं होतं. 1975 मध्ये या गाडीच्या मालकानं तेच केलं. त्याला संग्रहालय सजवायचं नव्हतं, पुढच्या शर्यतीत उतरायचं होतं. ते इंजिन या गाडीच्या आयुष्यात शिरलं ते शर्यतपटू म्हणूनच. त्याला उपरं म्हणणं मला पटत नाही.

दादानं ते मान्य केलं नाही. त्याचा मुद्दाही हलका नाही, म्हणून नीट लिहितो. त्याचं म्हणणं असं: "उद्या दुसऱ्यानं रस्त्यावरची साधी 911 घेतली, मागच्या चाकांवरच्या पंखांच्या (फेंडरच्या) जागी रुंद पत्रा वेल्ड केला, 3 लिटरचं इंजिन टाकलं आणि 'आरएसआर' म्हणून उभी केली, तर तुमच्या हिशेबानं फरक काय? इंजिन नंबर हा तरी एक पुरावा असतो. तोही सोडलात तर धरणार कशाला?"

"पत्र्याला," तात्या लगेच म्हणाले. "पत्रा बोलतो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक खरेदीदारानं ऐकावं असं आहे. रंगाखाली सगळं लपतं, पण आतून लपवणं अवघड. 911 चा मागच्या चाकावरचा पंख बोल्टनं बसत नाही, तो सांगाड्याला वेल्ड केलेला असतो. कारखान्यातला सांधा आणि नंतरचा सांधा आतल्या बाजूनं, चाकाच्या कमानीत हात घालून ओळखू येतो. कारखान्याच्या स्पॉट वेल्डचं अंतर सारखं असतं, हातानं केलेल्या जोडकामाला रेघ असते. चेसिस नंबर जिथे ठोकलाय त्या पट्टीच्या कडा बघायच्या. तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून इथे बसवलाय का, ते कडा सांगतात. सीटखालचा पत्रा, पुढचं सस्पेंशन सांगाड्याला जोडलेलं असतं ते पिकअप पॉइंट, बॅटरीची जागा. 1973 च्या गाडीला पुढे आलेलं पूर्ण झिंक लेपाचं संरक्षण नव्हतं, त्यामुळे गंज असणारच. कुठेच गंज नसेल, कुठेच ठिगळ नसेल, तर आधी विचारायचं की मूळ पत्रा किती उरलाय.

ताईनं त्यात कागदांची भर घातली. एम491 कारखान्याच्या नोंदीत त्या चेसिस नंबरासमोर आहे का? मग शर्यतींचे त्या काळचे फोटो. आरशाची जागा, स्टिकर, दाराच्या कडेवरचा पोचा अशा बारीकसारीक खुणा एका शर्यतीतून दुसऱ्या शर्यतीत जुळवता येतात. "आणि एक चूक कुणी करू नका," ती म्हणाली. "एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट आहे असं जाहिरातीत लिहिलं की लोक गाडी अस्सल समजतात. तो कागद एवढंच सांगतो की गाडीची रचना त्या काळच्या तपशिलाशी जुळते. ही तीच गाडी आहे, असं तो सांगत नाही. आणि 2.8 म्हणून पासपोर्ट असेल तर 3 लिटरचं इंजिन टाकून त्यावर शर्यत खेळता येणार नाही. दोन्ही गोष्टी विकणाऱ्याला स्पष्ट विचाराव्या लागतील."

दादा यावर थोडा नरमला, पण दुसरीकडून आला. गाडी 1973 च्या डेटोनाच्या रूपात, त्या दिवशीच्या रंगात, 2.8 सह परत आणावी असं त्याला वाटतं. उदाहरण म्हणून त्यानं 917-001 काढली. पहिली 917, 1969 ची, पांढरी, हिरव्या नाकाची. 1970 मध्ये हान्स हेर्मान आणि रिचर्ड अ‍ॅटवुड यांनी दुसऱ्या एका 917 मधून ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकल्यावर हीच गाडी विजेत्या गाडीच्या लाल-पांढऱ्या रंगात आणि आखूड शेपटीत रूपांतरित करून कित्येक वर्षं लोकांना दाखवली. 2019 मध्ये पोर्शच्या संग्रहालयानं ती पुन्हा मूळ रूपात आणली. "स्वतः कारखान्याला जे योग्य वाटलं ते या गाडीच्या बाबतीत चूक कसं?" हा त्याचा सवाल.

उत्तर मी दिलं, आणि त्यावर अजून ठाम आहे. 917-001 चं लाल-पांढरं रूप दुसऱ्या गाडीचं होतं. ते उतरवलं तर इतिहासातून काही जात नाही. या आरएसआरचं 1975 चं रूप मात्र तिचं स्वतःचं आहे. त्या इंजिनावर ती ज्या शर्यती पळाली त्या खऱ्या आहेत, नोंदवलेल्या आहेत. शिवाय ही नेमकी गाडी डेटोनाला गेलीच नव्हती, मग तिच्यावर डेटोनाचे रंग कशाला? पहिला हंगाम राखायचा म्हणून तिसरा पुसायचा, हे मला मान्य नाही.

धाकट्यानं मध्येच विचारलं की हवेवर थंड होणारं इंजिन एवढं कुणाला का हवं असतं, पाण्याचं इंजिन तर जास्त ताकद देतं. देतंच. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेलं हेड हवेवर नीट थंड ठेवणं जड जातं, म्हणून 1978 च्या 935/78 या 911 वरून बनवलेल्या शर्यतीच्या गाडीत पोर्शनं हेड पाण्यावर नेलं, सिलिंडर तेवढे हवेवर ठेवले. तरी पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, क्रेमर या शर्यत संघाच्या 935 के3 नं हवेवरच्या इंजिनावर ल मान्स जिंकलं. रस्त्यावरच्या 911 मध्ये हवा 1998 पर्यंत टिकली. पाण्याचं जॅकेट नसल्यामुळे पोर्शचे अभियंता हान्स मेझगर यांच्या या इंजिनाचा आवाज उघडा येतो. पंख्याची शीळ, चेनची खरखर, सहा घशांतून आत ओढली जाणारी हवा, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. तात्या तर म्हणतात, चांगला कान असेल तर कुठला सिलिंडर नाराज आहे ते उभ्या उभ्या कळतं.

त्याच कानाच्या भरवशावर त्यांनी शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न काढला. "पंप कुठला आहे?"

कुणाला कळेना. म्हणजे बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप. त्याच्या आत एक त्रिमितीय कॅम असतो. थ्रॉटल किती उघडलंय आणि इंजिन किती फिरतंय त्यानुसार किती पेट्रोल सोडायचं ते त्या कॅमच्या आकारातच कोरलेलं असतं. 2.8 च्या पंपाचा कॅम 2.8 साठी घासलेला. 3 लिटरवर तोच पंप तसाच ठेवला असेल तर मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि हवेवरच्या इंजिनात ती उष्णता शोषायला आजूबाजूला पाणी नाही, पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. त्यात गाडी बरीच वर्षं उभी असेल तर पंपात शिळं पेट्रोल सुकलेलं, सील कडक झालेले.

"म्हणून चालू करून दाखवतो म्हणाला तर आधी थांबवा," तात्या म्हणाले. "पंपाचा नंबर घ्या. सहाही सिलिंडरची लीकडाउन चाचणी घ्या, म्हणजे दाब किती गळतो ते कळेल. मग चालू करा आणि तेल 80 अंशांवर येईपर्यंत रेस करू देऊ नका. तेलाची पातळी गरम, चालू इंजिनावर बघायची, थंड असताना बघितली तर फसाल."

पंपाचा नंबर विचारायचा, असं दादानं कागदावर टिपून घेतलं, आणि त्याच्या खाली खोक्यातल्या केसवरचं वेल्डिंग नेमकं कुठे आहे, फोटो पाठवा, असंही लिहिलं. केस पुन्हा बसवायची हा हट्ट त्यानं सोडलेला नाही. ताईचं म्हणणं, फोटो आल्यावर बोलू.