सच्याची आरएस आणि न लागलेला दिवा

सच्यानं जुनी घेतलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पेठनाक्यापासनं दोरीला बांधून आली हे कोल्हापुरातल्या आख्ख्या गंगावेशला ठाऊक झालंय, ते परत सांगत बसत नाही. परवा रात्री दूध कट्ट्यावर, म्हणजे समोर म्हैस पिळून दूध देतात तिथं, आबांनी तिचा पंचनामा केला, तो तेवढा लिहितो.

सुरुवात प्रश्यानं केली. हा शनिवारी पुण्याहून येतो आणि रविवारपर्यंत आम्हाला शहाणं करून जातो. गाडी बघायला सच्यासोबत तोच गेल्ता.

"मी स्कॅन मारलं होतं आबा. ब्लूटूथ स्कॅनर लावून. एकसुद्धा फॉल्ट कोड, बिघाडाची नोंद, नव्हती."

आबांचं उद्यमनगरात बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर मशीनवर मोठे करायचं, दुकान. हातातला ग्लास खाली न ठेवता ते म्हणाले, "कोड पुसायला मिनिट लागत नाही. पुसल्यावर गाडी फिरली नसली तर त्याच स्कॅनरात रेडिनेस, म्हणजे गाडीनं स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपुरं दाखवतंय. ते बघितलंस?"

"ते फ्री व्हर्जनमध्ये नाही दिसत."

"साडेतीन लाखाची गाडी आणि फुकटातलं अ‍ॅप. बरं, किल्ली फिरवल्यावर मीटरमधले सगळे दिवे एकदा लागतात. इंजिनाचा पिवळा लागला का?"

दोघंही गप्प. आबांनी शनिवारी मीटर खोललं, तर त्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली. विकणाऱ्यानं कष्ट घेतले होते, एवढं मान्य करावंच लागेल.

पुढची कहाणी त्याहून वाईट. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खाली घेतलं तर तळाला डांबरासारखा गाळ आणि ऑइल ओढायची जाळी निम्मी बुजलेली. या १.८ लिटरच्या टर्बो इंजिनात पातळ सिंथेटिक ऑइल लागतं आणि ते वेळच्या वेळी बदलावं लागतं. नाही बदललं तर टर्बोच्या उष्णतेनं ऑइल करपतं, त्याचा गाळ होतो, जाळी तुंबते आणि पहिला मरतो तो टर्बोच. ह्या महाभागानं वरनं २०-५० नंबरचं जाड ऑइल ओतून आवाज आणि धूर दोन्ही दाबले होते. पेठनाक्याला ऑइलचा लाल दिवा लागून शिट्टी वाजली, तेव्हा सच्यानं इंजिन जागच्या जागी बंद केलं. ह्या सगळ्या प्रकरणात त्यानं केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

"आणि गाडी दाखवताना इंजिन गरम होतं का गार?"

"गरम होतं. म्हणाला, आत्ताच धुवून आणली."

"म्हणजे गार इंजिनाचा, ऑइल जळल्याचा सकाळचा निळा धूर त्यानं आधीच एकटं बसून बघून घेतला."

तोवर म्हैस पिळणारे तात्या मध्ये पडले. "बाजारात धार चुकवून, कास तटतटलेली म्हैस आणत्यात, तसंच झालं की हे. पण लोक दोन वेळची धार काढून बघितल्याशिवाय दावं हातात घेत न्हाईत. तुम्ही किती वेळ बघितली?"

"पंधरा मिनिटं," सच्या म्हणाला. "आवाज ऐकला आणि राहवलं नाही ओ."

ह्यावर त्याला फार बोलवत नाही. २००५ ची आरएस, दीडशे घोडे, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, आणि जोडणी आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातली. कॉलेजात आम्ही सगळेच तिच्या मागं मान वळवून बघायचो. आमच्यातला वकील तर एकदा बघता बघता भवानी मंडपात भेळेच्या गाड्यावर आदळला होता.

वकील एवढा वेळ संधीच बघत होता. "फसवणूक आहे ही. करार कायदा १८७२, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, पण टेप लावणं म्हणजे मुद्दाम लपवणं. बसतंय."

"मग कर की केस."

"कुणावर? विकणारा कोण?"

इथं खरी मजा आली. आरसी एका डॉक्टरांच्या नावावर. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या. पण डॉक्टरांना सच्यानं आयुष्यात बघितलेलं नाही. सगळा व्यवहार त्यांचा 'भाचा' म्हणवणाऱ्या एजंटाशी.

"म्हणजे डीलरच की तो," वकील खुलला. "एप्रिल २०२३ पासनं जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृत परवानगी लागते. नेऊ ग्राहक आयोगात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पैसे दिल्याचा पुरावा काढ."

"दोन लाख फोनवरनं दिलेत."

"आणि वरचे दीड?"

सच्या दुधाकडं बघत बसला.

"रोख?"

"म्हणाला, पावती उद्या पाठवतो."

तात्यासुद्धा हसले. प्रश्या तेवढ्यात म्हणाला की इंजिन खोललंच आहे तर मोठा टर्बो टाकून स्टेज टू, म्हणजे ताकद वाढवून, घेऊ, पुण्यात एकजण इंजिनाच्या कॉम्प्युटरचा मॅप भारी मारतो. आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सच्याला म्हणाले, "चेंबर, जाळी, ऑइल पंप, टर्बोचा कोअर. खालचे बेअरिंग काढून बघू, घासले असले तर बदलू. आणि टायमिंग बेल्ट पहिला. तो तुटला तर वीस व्हॉल्व्ह वाकतील, मग तू आणि तुझी स्टेज."

"खर्च?"

"दूध संपव आधी."

माझं विचाराल तर गाडी नीट करावी, वापरावी आणि एजंटाला नोटीसही धाडावी. पण प्रश्याच्या डोक्यात तिसरंच. "कशाला एवढा घाट? माझ्या ऑफिसात एकजण आरएससाठी वेडा झालाय. जाळी धुवू, टेप परत लावू, काही बोलायचं नाही. देऊन टाकू."

आबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या दुकानातनं टेप लावून गाडी जाणार नाही. परत हा विषय काढलास तर तुझी स्कूटर पण दारात घेणार नाही." मग वकिलाकडं वळले. "ह्याच्यावरनं आठवलं. तू सच्याच्या थोरल्या भावाला यामाहा आरएक्स मोटारसायकल विकलीस, तेव्हा काय सांगितल्तंस?"

वकील लगेच घड्याळ बघायला लागला.

"इंजिन एकदाही खोललेलं नाही, असं म्हणाला होता," सच्या म्हणाला. "दादा अजून सांगतोय."

"पिस्टनच्या डोक्यावर १.०० चा शिक्का होता. दर बोअरला पिस्टन पाव मिलीनं मोठा होतो, म्हणजे चौथं बोअर. चारी वेळा माझ्याच मशीनवर झालं, आणि चौथ्याचे पैसे ह्यानं अजून दिलेले नाहीत."

"कोण विकत होतं त्याला? तोच मागं लागला होता! आणि मी इंजिनाबद्दल काही बोललोच नव्हतो. मी गप्प होतो," वकील म्हणाला.

"आणि गप्प बसणं म्हणजे?" प्रश्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं टायमिंग बरोबर बसलं.

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. सच्याला दुधाचा ठसका लागला, आबा डोळे पुसत होते, आणि तात्या हात पुढं करून विचारत होते की पाच ग्लासांचे पैसे वकील देणार का हेही बोअरिंगच्या खात्यावर मांडायचं.