टेबल डगमगते

जिवंत बुरशीच्या तंतूत सुई टोचून रंग सोडायचा. ऐकायला सोपं. आमच्या न्यूरोस्पोरा या बुरशीचा तंतू असतो 10 ते 20 मायक्रोमीटर जाड, आमच्या काचेच्या सुईचं टोक 1 मायक्रोमीटरहून बारीक, आणि तंतूच्या आतला दाब गाडीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे रंग आत जायचा सोडून आतला ऐवजच सुईत घुसतो. काल मात्र जमलं होतं. टोक तुंबलं नव्हतं, कॅल्शियम दाखवणारा रंग आत पसरू लागला होता, आणि साठा तपासणीचे साहेब आले.

"टेबलाला हात लावू नका, प्लीज," मी म्हणाले. साहेबांनी दोन्ही कोपरं टेकली.

कंपनं पोचू नयेत म्हणून हे टेबल दाबलेल्या हवेवर तरंगतं. भार दिला की खाली दबतं. साहेबांचा चेहरा उजळला. रजिस्टरात नोंद झाली: 'टेबल डगमगते.'

"अहो, ते तसंच असतं!"

"मग दुरुस्तीचा अर्ज का नाही केला? बरं, काचेच्या नळ्या दाखवा."

"मोडल्या."

"सगळ्या?"

"तापवून, ओढून त्यांच्या सुया करतो. एकदा वापरली की संपली."

"कशात वापरल्या?"

"बुरशीत."

पेन थबकलं. "बुरशी लागल्यामुळे टाकून दिल्या, असं लिहू?"

मी इतिहास काढला. याच बुरशीवर 1941 साली बीडल आणि टॅटम यांनी जनुकं आणि विकरं यांचा संबंध दाखवला, 1958 साली त्यांना नोबेल मिळालं, वगैरे. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, "त्याची पावती आहे?"

इकडे सुई सरकून तंतू फाटला होता. पण बुरशी शहाणी. तंतूतल्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. तंतू फाटला की वोरोनिन कणिका येऊन त्या भोकावर बसते. फाटलेला कप्पा जातो, बाकीचे वाचतात. आमच्या कार्यालयात अशी सोय नाही. तिथे एका टेबलावरचा मूर्खपणा वाटेत कुठेही न अडता थेट शेवटच्या टेबलापर्यंत वाहतो, आणि वर प्रत्येकाची सही असते.

संध्याकाळी नव्या नळ्यांची मागणी पाठवली. आज ती शेऱ्यासह परत आली: 'आधीच्या नळ्यांचे तुकडे मोजून जमा करावेत.'