माळढोकच्या नावाचं अभयारण्य

परवा पहाटे सोलापूरजवळच्या नान्नजला गेलो होतो. मनोऱ्यावर दोन तास बसलो. काळविटांचा कळप अगदी जवळून चरत गेला, गवतात खोकड दिसलं. माळढोक पक्षी नाही. दिसेल अशी आशा नव्हतीच, तरी नजर शोधतच राहते. लहानपणी वडिलांनी इथंच मला पहिला माळढोक दाखवला होता, मान ताठ ठेवून हरभऱ्याच्या रानातून एकेक पाऊल तोलत चाललेला.

त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्या हद्दीत गावंच्या गावं, बाजारपेठा, लोकांची वडिलोपार्जित शेतं, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि माळढोकचं नाव काढलं तरी शेतकरी चिडायला लागला. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पुढं हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली, तोवर पक्षी बोटावर मोजण्याइतके उरले होते.

माळढोकची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यासाठी राखलेलं गवत लागतं. पण पोट भरायला तो आजूबाजूच्या ज्वारीत, भुईमुगात, हरभऱ्यात फिरायचा. त्या कोरडवाहू रानांत ऊस आणि द्राक्षं आली, वर विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळं समोरची तार वेळेत दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही. आज देशभरात मोकळ्या रानात जेमतेम दीडशे माळढोक उरलेत. जे आहेत ते मुख्यतः जैसलमेरकडे.

अभयारण्यं कुचकामी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. राखीव कुरणं नसती तर परवाचा तो कळप मला दिसला नसता. पण देशाची जेमतेम पाच टक्के जमीन संरक्षित आहे, आणि माळावरचा लांडगा बहुतेक तिच्या बाहेरच, मेंढरांच्या मागं हिंडतो. कुंपणाबाहेर कोरडवाहू ज्वारी धरणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, जिथं माळढोक आहेत तिथल्या तारा जमिनीखाली गेल्या पाहिजेत. आणि कृपा करून माळाला पडीक म्हणणं थांबवा! गवत हीच तिथली श्रीमंती आहे.

आमच्या गावाजवळच्या माळावर धाविक पक्ष्याची दोन अंडी पाहिली होती मी, मातीच्याच रंगाची. पाय पडता पडता वाचली. गेल्या पावसाळ्यात तिथं वृक्षारोपण झालं. आता त्या जागी खड्ड्यांच्या ओळी आहेत.