दुसऱ्याच्या पोराची ॲलर्जी घालवण्याचे घरगुती उपाय

श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाला, भाऊकी जमते. पुणे, सुरत, मुंबई, जो जिथे पोटापाण्याला गेला तिथून लेकराबाळांसह गावी येतो. यंदा चार दिवस आधी पुतण्याच्या बायकोचा फोन येईल. "काकू, बाळाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाणे, कूट, दाण्याचं तेल, काहीच चालत नाही. जरा सांभाळावं लागेल." घाबरू नका. "हो गं बाई, सांभाळू ना," असं मोकळ्या मनाने म्हणा, फोन ठेवा आणि मोठ्या जाऊबाईंना हाक मारा. हा आजार पुण्याच्या फ्लॅटमध्ये होतो, गावच्या हवेला आला की आपोआप जातो. आता तो घालवायची जबाबदारी देवाने तुमच्यावर टाकली आहे.

पहिलं काम म्हणजे आजार खोटा ठरवून टाकणं. पुढचं मग फार सोपं जातं. त्यासाठी वंशावळ उघडा. पणजोबांना नव्हती, आजोबांना नव्हती, आबा तर खळ्यावर बसून ओल्या शेंगांचा ढीग एकटे संपवायचे. "आमना येळले असं काही नव्हतं" हे वाक्य दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा म्हणा. त्या येळेला एखादं पोर खाता खाता निळं पडून गेलं असेल, तर ते कशाने गेलं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. "बाहेरचं काही लागलं" एवढीच नोंद, तीही तोंडी. शिवाय परदेशात शेंगदाण्याची ॲलर्जी जितकी दिसते तितकी आपल्याकडे दिसत नाही, हे डॉक्टरही मान्य करतात. कमी दिसते म्हणजे जवळजवळ नाहीच, आणि जवळजवळ नाही म्हणजे आपल्या घरात तर मुळीच नाही. हिशेब सरळ आहे.

सून फाइल दाखवेल. पोराच्या हातावर थेंब टाकून सुईने टोचलं, पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजली, रक्तातलं आयजीई (ॲलर्जीचं प्रतिपिंड) तपासलं, असं बरंच काही त्यात असेल. फाइल उलटी धरून बघा आणि परत द्या. आपल्याकडे तपासणीची एकच पद्धत आहे: खाऊ घालून बघणं. गंमत अशी की डॉक्टरही शेवटी हेच करतात. फक्त ते दवाखान्यात करतात, चिमटीपेक्षा कमीपासून सुरू करतात, तासन्‌तास पोरासमोर बसतात आणि इंजेक्शन भरून हाताशी ठेवतात. तेवढा फापटपसारा वगळला की त्यांची पद्धत आणि आपली पद्धत एकच.

श्रावण असल्यामुळे सोमवारचा उपास तुमच्या मदतीला येईल. साबुदाण्याच्या खिचडीत कूट नाही घातलं तर तिला खिचडी म्हणायचं का, हा प्रश्न मोठ्याने आणि सगळ्यांसमोर विचारा. पोराला वेगळी वरीची भगर करून घालणारी सून दिसली की "आम्ही नाही का खाऊ घालत गं?" एवढंच म्हणा आणि डोळ्याला पदर लावा. दाणे तिने नाकारलेत. पण नाकारलं तुम्हाला, असं घरभर झालं पाहिजे. आपल्याकडे माया ताटातूनच मोजतात, त्यामुळे हे पाच मिनिटांत होतं.

मंडळी हिवाळ्यात येणार असतील तर आणखी बरं, कारण तेव्हा भरताची पार्टी असते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारने मानलेल्या पदार्थाला कालची आलेली पोरगी नाही म्हणते म्हणजे काय? शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, साल काढून लाकडी बडगीत पडतात, मिरची-लसणाबरोबर ठेचली जातात, मग कांद्याची पात, आणि तेलात तळलेले दाणे. सून म्हणेल, दाणे घालायच्या आधी बाळाचं काढून ठेवा. जरूर काढा. वेगळ्या वाटीत काढा, पण त्याच डावाने, जो मघाशी दाण्याच्या कढईत होता. डाव धुवा म्हणाली तर तिच्यादेखत पदराला पुसा. तरी तिने वाटी बाजूला सारली तर तिच्या माहेराबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नाही.

तेलाच्या बाबतीत तर तुमची बाजू फारच भक्कम आहे. ॲलर्जी असते ती शेंगदाण्यातल्या प्रथिनाची. कारखान्यात पुरतं रिफाइंड केलेल्या तेलात ते प्रथिन जवळपास उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात मात्र उरतं. म्हणजे पोराला त्रास देणारं नेमकं तेच तेल, जे आपण अस्सल आणि औषधी म्हणून जास्तीचे पैसे मोजून आणतो. त्यामुळे "तेल कोणतं वापरलंय?" असं तिने विचारलं की अभिमानाने सांगा, "घाण्याचं आहे, यात भेसळ नाही." ती ताट खाली ठेवेल. तुम्ही ठेवू देऊ नका.

शिकलेल्या काकांसाठी एक खास शस्त्र आहे. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, लीप नावाचा. ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० तान्ही बाळं घेतली, ४ ते ११ महिन्यांची. निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना अजिबात नाही. खाणाऱ्यांमध्ये ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. ही बातमी भाऊकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, "आम्ही काय वेगळं सांगत होतो?" ज्या बाळांची त्वचेची चाचणी आधीच ठळक आली होती त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि हा सगळा खटाटोप ॲलर्जी होऊ नये म्हणून होता, झालेली बरी करण्यासाठी नव्हता, हे बातमीच्या तळाशी असतं. तळापर्यंत जाऊ नका. (ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे आणि अजून काही झालेलं नाही, त्यांनी मात्र ही बातमी डॉक्टरांकडे नेऊन नीट विचारावी. पण असल्या सरळ कामाला आपल्याकडे कोण जातं?)

आता रोट. कानबाईचे रोट भाऊकीबाहेर जात नाहीत आणि भाऊकीतल्या कोणी ते टाळायचे नसतात. इथे धाकट्या पुतण्याची मुलगी आडवी येईल, जिला दुधाची ॲलर्जी आहे. खिरीची वाटी पुढे केली की तिची आई "नको, नको" म्हणत मध्ये हात घालेल. त्या हाताकडे दुर्लक्ष करून सांगा, "हे खाणं नाही माय, प्रसाद आहे." प्रसादातल्या दुधात प्रथिन नसतं, कानबाई काढून घेते. तरी ऐकलं नाही तर गाईऐवजी शेळीचं दूध सुचवा. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाने त्रास होणाऱ्या बहुतेक मुलांना दुसऱ्यानेही होतो. पण शेळी दारात बांधलेली आहे, घरची आहे, तिच्यावर संशय घेणं बरं दिसत नाही. दूध न पचून पोट बिघडणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी, असं ती समजावू लागली तर जांभई द्या. मोठेपणी दुधाची ॲलर्जी पुष्कळ मुलांची जाते, हे मात्र तिच्या तोंडून ऐकलंत की पकडून ठेवा: "मग जाणारच आहे ना, आजपासूनच घाल."

बाजारात सुनेला सोबत नेऊ नका. ती पाकिटाची पाठ वाचत उभी राहते आणि दुकानदार आपल्याकडे बघतो. एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं, सोयाबीन, गहू वगैरे असल्यास तसं स्पष्ट छापावं लागतं. यावर आपल्याकडे उत्तम तोडगा आहे, सुटा माल. शेवभाजीची शेव सुटी, चिवडा सुटा, केळीचे वेफर्स सुटे. पुडीच्या कागदाला वाचण्यासारखी पाठ नसते. असलीच तर तिच्यावर मागच्या महिन्याचे राशिभविष्य असतं. त्याच कढईत सकाळी मसाला दाणे तळले होते का, एकच चमचा सगळ्या बरण्यांत फिरतो का, हे विचारायची आपली रीत नाही. विचारलंच तर दुकानदार "काही व्हत नही ताई" असं म्हणेल, आणि तो बिचारा दहा वर्षांपासून ओळखीचा आहे.

इतकं करून समजा एका संध्याकाळी कोणी तरी प्रेमाने पोराच्या हातावर दाणागुळाचा तुकडा ठेवलाच. "एक दानाघाई काय व्हई?" असं म्हणून ठेवला. तर पुढच्या काही मिनिटांत काय करायचं ते नीट वाचा, कारण इथेच पुष्कळ अनुभवी माणसांचा गोंधळ होतो.

ओठ सुजतील, अंगावर गांधी उठतील. म्हणा, डास चावले. पोर खोकायला लागेल, आवाज घोगरा होईल, उलटी होईल. म्हणा, बरं झालं, पित्त पडलं. मग मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला बसा. मिरच्यांचा ठसका नाही आला तर नजर मोठी आहे, आणि श्वास कोंडलेल्या पोरासमोर आला तरी हरकत नाही. सून पिशवीतून अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन काढेल. डॉक्टरांनी तिला शिकवलेलं असतं: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या पोराला ०.१५, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत; आणि वाट न बघता. तिचा हात धरा. "एवढ्याशा पोराला सुई?" असं ओरडा. त्याऐवजी आपल्याकडची खाजेची गोळी पुढे करा. तिने गांधी बसतात, घसा आवळलेला सुटत नाही आणि उतरलेला रक्तदाबही वर येत नाही. पण गोळी गोड असते, आणि दिल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं.

ते इंजेक्शन तयार पेनच्या रूपात आपल्या गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, म्हणून ती काचेची कुपी आणि सिरिंज घेऊन फिरते. उन्हाळ्यात आली असेल तर तुम्हाला हातही लावावा लागणार नाही. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो. औषधाची पिशवी कारमध्ये काचेखाली ठेवून द्या, बाकीचं ऊन बघून घेईल. तिला ते औषध प्रकाशापासून आणि उष्णतेपासून जपायचं असतं, म्हणून ती दर तासाला पिशवी चाचपत असते. त्यावर चारचौघांत हसा.

पोर मलूल झालं तर उभं करा, अंगणात फिरवा, वारा घाला. डॉक्टर सांगतात की आडवं झोपवून पाय वर उचला, दम लागत असेल तर बसवा, पण उठवू-चालवू नका, एकदम उभं केल्याने जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन लावू नका, गावभर होतं. आधी पुतण्याच्या मित्राच्या गाडीत पेट्रोल आहे का ते विचारा. पाच मिनिटांनी फरक पडला नाही तर दुसरं इंजेक्शन द्यायचं असतं. तोवर कुपी कुठे ठेवली ते कोणाला आठवणार नाही याची काळजी घ्या. आणि पहिल्यानेच पोर हसायला लागलं, तर लगेच जाहीर करा की बघा, काहीच नव्हतं. दवाखान्यात नेऊ देऊ नका. काही तासांनी तीच लाट पुन्हा येऊ शकते, म्हणून डॉक्टर ठेवून घेतात; तुम्ही म्हणा, बिल वाढवायला ठेवून घेतात.

शाळेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं काम बहुतेक आपोआप होतं. राज्यात २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि जो अंडं खात नाही त्याला केळी, असं ठरलं. म्हणजे अंड्याची ॲलर्जी असलेल्या पोरासाठी आमच्या जळगावच्या केळ्याने सोय करून ठेवली होती. आईने फक्त बाईंना चिठ्ठी द्यायची, बाईंनी ती खिचडी वाढणाऱ्या मावशींना वाचून दाखवायची, आणि मावशींनी चाळीस पोरांच्या रांगेत लक्षात ठेवायची. वाढदिवसाची चॉकलेटं मात्र कोणाच्याच चिठ्ठीत नसतात, त्यांचा अवश्य उपयोग करा.

बापाला या सगळ्यातून लांब ठेवा. तो आपला आहे, त्याला दोन्हीकडून बोलायला लावलं की तो गाडी धुवायला निघून जातो.

आणि जर, तुम्ही इतकं समजावूनही, त्यांनी पोराला तालुक्याच्या दवाखान्यात नेलंच, तर तुम्हीही गाडीत पुढच्या सीटवर बसा. मोठं माणूस बरोबर लागतं. पोराच्या तोंडाला मास्क लावलेला असेल, सुनेच्या मुठीत रिकामी कुपी असेल. डॉक्टर घाईघाईने विचारतील, "गेल्या दोन तासांत याने काय काय खाल्लं?" ती काही बोलणार नाही, तुमच्याकडे बघेल. तुम्ही सांगा, "बाहेरचं काही नाही साहेब. घरचंच."