सिस्टरांचं कौशल्य मोजायचंय? आधी पेशंट बाजूला करा

आयसीयूतल्या सिस्टरांना प्रत्यक्ष काय येतं, हे मोजायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? मग पहिलं पथ्य पाळा: आयसीयूत पाऊल टाकू नका. तिथले पेशंट चेकलिस्टच्या क्रमाने बिघडत नाहीत.

त्यापेक्षा प्रश्नपत्रिका काढा. सक्शन, म्हणजे श्वासनळीतला कफ नळीने ओढून काढणं, एका वेळी जास्तीत जास्त किती सेकंद? '15' वर जिने खूण केली तिला सक्शन येतं, विषय संपला. नळी आत सरकवताना सक्शन बंद होतं का, ऑक्सिजनचा आकडा घसरताना तिची नजर कुठे होती, असल्या चौकशा करत बसलात तर अहवाल कधी द्यायचा?

मिलर नावाच्या गृहस्थांनी 1990 साली एक पिरॅमिड मांडला. तळाशी माहीत असणं, मग कसं करायचं ते माहीत असणं, मग करून दाखवणं, आणि टोकावर रोजच्या कामात खरोखर करणं. टोक गाठताना धाप लागते. तुम्ही पायथ्याशी तंबू ठोका आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर शिखर छापा.

प्रात्यक्षिकाचा हट्टच असेल तर पुतळा आणा. छाती 5 ते 6 सेंटीमीटर दाबली, मिनिटाला 100 ते 120 चा वेग राखला की झालं. पुतळ्याला उलटी होत नाही, दाराबाहेर त्याचे नातेवाईक नसतात. आणि हो, एकाच सिस्टरला दोन परीक्षक कधीही देऊ नका. गुण जुळले नाहीत तर परीक्षकांनाच मोजायची वेळ येईल.

एवढं सांगूनही रात्री वॉर्डात गेलातच, तर काय दिसेल ते सांगून ठेवतो. पहाटेचे चार. मॉनिटरवर सरासरी रक्तदाब 68. हवा होता 65, म्हणजे सगळं आलबेल. सिस्टर मात्र आकड्याकडे न बघता स्टँडकडे बघते. मघाशी पलंग वर घेतला, स्टँडवरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे रक्तदाब टिपणारा सेन्सर, खालीच राहिला. 10 सेंटीमीटर खाली, म्हणजे आकडा साधारण 7.5 ने फुगलेला. ती तो हृदयाच्या पातळीला आणते, आकडा 61 वर उतरतो, तेवढ्यात तिने डॉक्टरांना फोन लावलेलाही असतो.

गोंधळू नका. तुमच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही. चारची नोंद तिने चार वाजून दहा मिनिटांनी केली, याला आहे. दोन गुण कापा.