जामीन मिळाला, पण जामीनदार?

नाझरकाका, नमस्कार.

‘कोर्टाच्या आवारात जे रोज दिसतं त्यावर प्रबंध कसला लिहायचा? चाळिशी उलटल्यावर वकिली सोडून ही डॉक्टरकी कशाला?’ जामीन मंजूर होऊनही कैदी किती दिवस आत राहतात यावर मी पीएचडी करतोय, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वकिली सोडलेली नाही, पोट तिच्यावरच आहे. आणि रोज दिसतं म्हणूनच ते मोजायचं राहून जातं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला नेपाळी खलाशी घ्या. मारामारीत सापडला, जामीन मंजूर झाला. पुढे? जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. ऐन हंगामात तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) सवड नाही, बोटीचा मालक हात झटकतो. एखादा भला माणूस उभा राहिलाच, तर आपले कोकणातले सातबारे! एका कलमबागेवर वीस नावं, निम्मी मुंबईला, चार वारलेली, वारसनोंद नाहीच. असे किती उतारे कोर्टाचे नाझर म्हणून तुमच्या टेबलावरून परत गेले असतील! (चिमटा आहे, राग मानू नका.)

मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार नाकारला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला लावलं. हा निकाल मी कित्येकदा वाचून दाखवलाय. अशील सुटला की फाईल बांधून मीही मोकळा. पुढच्या खलाशाला पुन्हा तोच सातबारा.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेला) कळवावं. आपल्याकडे ते कसं चालतं? कोर्टाच्या रोजनाम्यातली ‘जामीन मंजूर’ची तारीख आणि तुरुंगाच्या रजिस्टरातली सुटकेची तारीख, यांमधले दिवस मोजणं हेच माझं काम. पीएचडीला किमान तीन वर्षं, कमाल सहा. मला बहुधा सहाही पुरणार नाहीत.

एक मात्र मान्य. मागच्या लेखात सगळा दोष कोर्टाच्या कारकुनांवर टाकला, तो उथळपणा झाला. जामीनदार बोगस निघाला तर आधी जाब त्यांनाच विचारतात, हे मी लिहायला हवं होतं.

जुन्या जामीन रजिस्टरातले काही शेरे मला उलगडत नाहीत. गणपती झाले की वही घेऊन येऊ का तुमच्याकडे?